गोधडीखालचं गाणं

परवा शेजारच्या वहिनी तणतणतच आल्या. ‘‘ताई, आता तुम्हीच सांगा हिला. बारावीचं वर्ष आणि रात्री अकरा वाजता दार लावून, गोधडी पांघरून मोबाईलशी कुजबुजत बसते!’’ खरं सांगते, माझ्याही मनात नको ती शंका आली. मुलगी, बंद दार आणि मोबाईल म्हटलं की आपली मनं एकाच दिशेला धावतात.

दुसऱ्या दिवशी पोरीला जवळ बसवून विचारलं. ती कुणाशी बोलत नव्हती, गात होती. स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. आवाज घुमू नये म्हणून गोधडी, घरघर नको म्हणून पंखा बंद. तिनं मला ते ऐकवलं. मधेच मनमाड रोडवरच्या ट्रकचा हॉर्न वाजला. पण गाणं तिच्या आईच्या शिलाई मशीनवर होतं आणि माझे डोळे भरून आले.

मैत्रिणींनो, घरात बसून गाणं करणं हा रिकामा उद्योग नव्हे. अमेरिकेतल्या बिली आयलिशनं 2015 मध्ये, तेराव्या वर्षी, भावानं लिहिलेलं एक गाणं घरातच रेकॉर्ड केलं आणि ते जगभर गेलं. पुढं त्या बहीण-भावानं घरातल्या झोपायच्या खोलीतच अख्खा अल्बम तयार केला. त्याला 2020 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इतकं लांब कशाला? आपल्या अकोले तालुक्यात डोंगरकपारीत राहणारा महादेव कोळी समाज. त्याच समाजाची मधुरा घाणे ‘माही जी’ या नावानं मराठीत रॅप लिहिते, गाते आणि आदिवासींचे प्रश्न मांडते.

आणि आपल्या आज्या तरी काय करत होत्या? पहाटे जात्यावर बसून स्वतःच रचायच्या आणि स्वतःच गायच्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या माणसांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली, मुलगा सोपानदेवांनी ती जपली, म्हणून त्यांच्या मागं 1952 मध्ये पुस्तक निघालं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायांच्या आवाजात टेप केल्या आहेत. कुणीतरी ऐकलं, कुणीतरी जपलं, म्हणून हे उरलं.

माझ्या आईच्या ओव्या मात्र उरल्या नाहीत. घरात टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेट होत्या. ‘दिवाळीला निवांत टेप करू’ असं दरवर्षी म्हणायचे मी. आई गेली. आता दोन ओव्या तेवढ्या आठवतात, त्याही अर्धवट. मी बी.ए. मराठी झालेली बाई, तरी माझ्या हातून हे झालं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, मुलीला लगेच गप्प करू नका. अभ्यास हवाच, त्याला सूट नाही. पण रोजचा अर्धा तास तिला शांतपणे मिळू द्या. त्या वेळात टीव्हीचा आवाज कमी करायला घरातल्या पुरुषांनाही सांगा. ही पहिली कच्ची रेकॉर्डिंग पुसू देऊ नका. मोबाईल बिघडतो, हरवतो. दुसरीकडं एक प्रत ठेवायला सांगा. वहीत गाणं लिहून खाली तारीख घालायला लावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं ज्याचं, हक्कही त्याचाच. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण उद्या वाद झालाच तर तारखेची वही उपयोगी पडते. गाणं लोकांपुढं टाकायची घाई नको. कुणी कागदावर सही मागितली तर आधी जाणत्या माणसाला दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलीनं केलेला करार कायद्यानं धरला जात नाही, हेही ठाऊक असू द्या.

‘एवढं करून ती मोठी गायिका होणार का?’ असं वहिनींनी विचारलंच. नाही झाली तर? सगळ्याच ओव्या गाणाऱ्या काय प्रसिद्धीसाठी गात होत्या? मनातलं मोकळं करायला जागा हवी होती, ती त्यांना जात्यापाशी मिळाली. आज जातं नाही. पोरीला ती जागा गोधडीखाली सापडली असेल, तर ती आपण हिसकावून घ्यायची का?

संध्याकाळी वहिनींना ते गाणं ऐकवलं. मशीनची ओळ आली तशा त्या गप्प झाल्या. मग पोरीकडं बघून एवढंच म्हणाल्या, ‘‘पंखा बंद करून घामाघूम होत असशील की गं!’’

तुमच्याही घरात असं एखादं बंद दार असेल. रागावण्याआधी एकदा म्हणून बघा, ‘‘मला ऐकवतेस का?’’