विहारात पडदा लावला, पुढे काय?

१४ एप्रिल आणि १ मे यांच्यात अवघ्या सतरा दिवसांचे अंतर आहे. पहिल्या दिवशी आपल्या वस्त्या निळ्या होतात, दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर सुट्टी असते. ठेक्यावरच्या कामगाराला बहुधा तीही नसते. बाबासाहेब आणि कामगार हे नाते आपण भाषणात सांगतो, पण संघटन करताना विसरतो.

कोराडीत हे विसरून चालणार नाही. येथे १९७४ पासून वीज तयार होते. आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. देशाच्या वीज धोरणाचा पाया घालणारे, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेले बाबासाहेबच होते. मात्र कोळसा, राख, सफाई, हमाली ही कामे आज कोणाच्या वाट्याला येतात, हे आपल्या वस्त्यांत विचारले तरी कळेल.

म्हणून आम्ही काही जणांनी विहारात कामगारांवरचे चित्रपट दाखवायला सुरुवात केली. ‘काला पत्थर’ पाहायला गर्दी झाली. चासनाला खाणीत १९७५ साली झालेल्या दुर्घटनेची पार्श्वभूमी आम्ही सांगितली. चित्रपट संपल्यावर विचारले, तुमच्या कामावर काय परिस्थिती आहे? सगळे गप्प. नंतर बाहेर चप्पल घालताना एक दादा हळूच म्हणाले, "गेटपास ठेकेदाराच्या हातात आहे. इथं बोललेलं उद्या तिथं पोहोचते."

चूक आमची होती. भीती न ओळखता आम्ही माइक पुढे केला. आता आम्ही पात्रांबद्दल विचारतो: हा माणूस एकटा का पडला? त्याच्या बाजूने कोण उभे राहू शकले असते? माणसे पात्राच्या आडून स्वतःचेच सांगतात.

निवडही विचारपूर्वक हवी. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून सुरू होतो आणि जात व वर्ग यांचा प्रश्न एकत्र मांडतो. ‘कोर्ट’मध्ये गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूचा खटला शाहिरावर चालतो, सुरक्षेची साधने न देणाऱ्यांवर नाही. जात गाळून कामगार एकजूट दाखवणारा चित्रपट आपल्याला अर्धेच सांगतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, ते कम्युनिस्टांसोबत मुंबईच्या संपात उतरले. मतभेद राखूनही एकजूट करता येते, हा त्याचा धडा.

आज तो धडा तातडीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. नियुक्तिपत्र सर्वांना बंधनकारक झाले, ही जमेची बाजू. पण ठेका कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा १९७० च्या केंद्रीय कायद्यात २० कामगारांची होती, ती ५० झाली. सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. लहान ठेकेदाराकडचा, संघटनेबाहेरचा कामगार यात आणखी एकटा पडतो. तो बहुतेकदा आपल्याच घरातला असतो.

म्हणून चित्रपटानंतरचा अर्धा तास आम्हाला चित्रपटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या वेळेत तीन गोष्टी पाहायच्या: नियुक्तिपत्र आहे का, पगाराची पावती मिळते का, पीएफ खात्यात रक्कम जमा होते का. मोबाइलवर पीएफ तपासून देणे हे काम आपले शिकलेले तरुण सहज करू शकतात. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा आणि ठेकेदाराने तो बुडवला तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. महिला सफाई कामगारांसाठी वेळ दुपारची ठेवावी. रात्री त्यांना दुसरी पाळी घरीच करावी लागते.

पडदा गुंडाळल्यावर विहारातून माणूस एकटा परतला, तर तो फक्त सिनेमा झाला. दोन माणसे सोबत कामगार कार्यालयात जायला तयार झाली, तर ‘संघटित व्हा’चा अर्थ आपल्याला कळला.

जय भीम!