खालच्या मजल्यावरची नाताळगीतं

रामदासपेठेत आमच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर नोव्हेंबर संपता संपता हार्मोनियम सुरू होते. गाणारं कुणी पेशाने गायक नाही. या भागात पावलापावलावर दवाखाने, त्यामुळे मंडळींत दोन नर्स आहेत. त्यांची ड्युटी बदलली की तालमीची वेळ बदलते. एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेतले गृहस्थ, गिटार वाजवणारा इंजिनिअरिंगचा मुलगा. आजवर ही मंडळी नाताळच्या आठवड्यात घरोघरी गायची आणि तिथे विषय संपायचा. यंदा त्यांनी ठरवलं, की आपण गातो ती सगळी मराठी नाताळगीतं एकत्र करायची, शब्दांखाली सारेगमची स्वरलिपी द्यायची आणि ही वही ज्याला हवी त्याला फुकट द्यायची. गा, छापा, पुढे पाठवा. फक्त विकू नका आणि कवी-संगीतकारांची नावं गाळू नका, एवढीच अट.

शिक्षिकाबाई एका संध्याकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन वर आल्या. "भाऊ, तुम्ही लिहिता. आमचं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तपासून द्या." मी हो म्हटलं. जेवताना हे घरात सांगितलं आणि धाकट्या भावाचा हात ताटातच थांबला. "भाईजान, हे चालतं का?"

प्रश्न खोटा नाही, म्हणून मी तो हसण्यावारी नेला नाही. दर डिसेंबरात आपल्या मोबाइलवर 'मेरी ख्रिसमस म्हणणं हराम' असे संदेश फिरतात, आणि त्याला उत्तर म्हणून 'सगळे धर्म एकच' असेही. मला दोन्ही पटत नाहीत. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना आपण अल्लाहचे पैगंबर मानतो, पुत्र मानत नाही. नाताळगीतांत पुत्र म्हटलेलं असतं. हा फरक लहान नाही, आणि तो लहान आहे असं दाखवणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या लोकांचाही अपमान आहे. बाईंनीच मला विचारलं होतं, "तुम्हाला अडचणीच्या वाटतील त्या ओळी वगळून देऊ का तुमच्याकडे?" मी म्हटलं, अजिबात नको. तुमचं गाणं तुमच्या विश्वासाचं आहे, ते पूर्ण असू द्या. मी ते गाणार नाही, पण त्यातली चुकीची वेलांटी मात्र दुरुस्त करीन. सर्वधर्मसमभावाच्या कार्यक्रमांत सगळेच जण आपापली प्रार्थना इतकी पातळ करून आणतात, की शेवटी कुणाचंच काही उरत नाही. त्यापेक्षा हे बरं.

भावाला मी नजाशीची आठवण दिली. मक्केतल्या छळातून निघालेले मुसलमान हबशाच्या ख्रिस्ती राजाच्या दरबारात उभे होते आणि कुरैशांचे दूत त्यांना परत मागत होते. तेव्हा हजरत जाफर यांनी सूरह मरियमचा सुरुवातीचा भाग वाचून दाखवला. ते ऐकून राजाचे डोळे भरून आले आणि त्याने आश्रितांना सोपवायला नकार दिला, असं सीरतच्या ग्रंथांत आहे. पुढे याच सूरहत खजुराच्या बुंध्याशी एकटी, कळांनी व्याकूळ झालेली मरियम आहे, पायाशी झरा आहे आणि हलवल्यावर पडणारे ताजे खजूर आहेत. ईसांच्या जन्माची गोष्ट आपल्याला परकी नाही. भाऊ काही बोलला नाही. पटलं असं नाही, पण जेवण पुरं झालं.

(बाजारात महिनाभर वाजणाऱ्या 'जिंगल बेल्स'मध्ये ना ईसा आहेत ना मरियम. ते घसरगाडीचं गाणं आहे. त्यावर मात्र कुणी आक्षेप घेतलेला मी पाहिला नाही.)

कागद तपासताना माझ्या लक्षात यायला लागलं, की या लोकांच्या मागे मराठीचं केवढं काम उभं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोलला १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, अक्षरं रोमन आणि भाषा मराठी. नंतर मिशनऱ्यांच्या काळात इंग्रजी गीतांची भाषांतरं आली. चाल विलायतेची आणि शब्द आपले, त्यामुळे ताणायचं अक्षर तोकडं आणि तोकडं ते लांब. या गठ्ठ्यातही तशी काही गाणी आहेत. ती तपासताना माझी पेन्सिल सारखी अडायची.

हे बदललं ते मुख्यतः रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. नागपूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण धर्म बदलला म्हणून टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन सोडलं नाही. उलट तेच घेऊन ते चर्चमध्ये गेले. आज मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या भाषेत, आपल्या तालात भजन म्हणू शकतो, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. १९१९ साली ते गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांना मोकळं होतं, त्यामुळे टिळकांची गीतं घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

खरी मेहनत बाकीच्या गाण्यांची होती. कवी हयात असेल तर त्याला फोन करायचा. चाल एकाची आणि शब्द दुसऱ्याचे असतील तर दोघांना विचारायचं. एका सुंदर गाण्याच्या कवीचा काहीच पत्ता लागेना, तेव्हा गिटारवाला मुलगा म्हणाला, "टाकून देऊ ना, फुकटच तर वाटतोय." बँकवाल्या गृहस्थांनी ठाम नकार दिला. ते गाणं बाजूला राहिलं. मला ते फार आवडलं, कारण फुकट म्हणजे बेवारस असा आपल्याकडे समज आहे.

'सायलेंट नाइट'चंच पाहा. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द जोसेफ मोर या साहाय्यक धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरची, साथीला एक गिटार. गाणं हातोहात पसरलं आणि मास्तरचं नाव गळून पडलं. लोक ते हायडन, मोझार्टसारख्यांच्या नावावर खपवू लागले. १८५४ मध्ये बर्लिनच्या दरबाराकडून विचारणा झाली, तेव्हा ग्रुबरने कागद घेऊन हे गाणं कसं झालं ते लिहून दिलं. मोर तोवर वारला होता. मास्तर जगला वाचला म्हणून नाव राहिलं.

आता मूळ दुखणं सांगतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासताना मला सारखा हेवा वाटत होता.

माझी फुफी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. जात्यावर ओव्या म्हणायची, त्या मराठीत. भाऊ ईदला न्यायला आला नाही याची ओवी, मक्केच्या वाटेची ओवी, हसन-हुसैनची ओवी. घरात दख्खनी, जात्यावर मराठी. यात विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. ती गेली तेव्हा आम्ही चाळिसाव्याचं जेवण नीट केलं. ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. मीही नाही, आणि मी तर लिहिणारा.

आपल्याकडे उर्दू नातांच्या पुस्तिका उरुसात, मशिदीबाहेर दहा-वीस रुपयांत मिळतात, आणि त्या मिळाव्यातच. पण मराठी मुसलमान बायकांनी मराठीत जे गायलं, कोकणातल्या लग्नांत, सांगली-कोल्हापूरकडच्या मोहरमात, विदर्भातल्या जात्यांवर, त्याची वही आपण का केली नाही? 'मराठी ही काही आपली दीनची भाषा नाही' हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं वाटतं. दुसरं उत्तर संगीताच्या हलाल-हरामचं. तो वाद उलेमांचा, तो त्यांनी करावा. पण फुफीच्या ओवीला जात्याच्या घरघरीपलीकडे वाद्य नव्हतं, आणि लिहून घ्यायला तर तेही लागत नाही.

काम झालंय, ते दुसऱ्यांनी केलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी'वर सर्वांसाठी खुल्या आहेत, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. त्यांत मुसलमान बायकाही आहेत. ज्यांनी त्यांच्यासमोर वही उघडली ते आपल्यातले नव्हते. त्यांचे आभार मानताना मला लाजही वाटते.

गठ्ठा परत करायला खाली गेलो, तेव्हा बाईंना हे सगळं बोलून गेलो. त्यांनी कपाटातून कोरे तक्ते काढून दिले: वर गाण्याचं नाव, मग कुणी म्हटलं, कुठे, कधी, कुणाकडून शिकलं, आणि खाली स्वरांच्या रेघा. "आमचे उरलेत, घेऊन जा." पुढच्या रविवारी मी फुफीच्या मुलीकडे गेलो. ती आता सत्तरीची आहे. आधी लाजली, मग नातवाला टीव्ही बंद करायला सांगितला. तिला अडीच ओव्या आठवल्या. तिसरीचा उरलेला चरण बहुतेक मूर्तिजापूरच्या नणंदेला येत असेल, म्हणाली. तिचा नंबर घेतलाय.