एलएल.एम.: वर्षांचा वाद, विषयांचा विसर

कायद्याची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची असावी की दोन, हा वाद जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या मार्गदर्शक सूत्रांद्वारे एक वर्षाच्या एलएल.एम.ची वाट मोकळी केली; बार कौन्सिलने २०२१ मध्ये ती बंद करणारे नियम काढले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या गदारोळात विद्यार्थ्याने प्रावीण्य कशात मिळवायचे, हा प्रश्न मागे पडला.

रायपूरमध्ये तो टाळता येणार नाही. २००३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाला न्या. हिदायतुल्ला यांचे नाव आहे. ते रायपुरात शिकले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. आज कंपनी कायदा, बौद्धिक संपदा या शाखांकडे विद्यार्थ्यांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. नोकऱ्या तेथे आहेत. परंतु बस्तर आणि शेजारच्या गडचिरोलीचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो. तेथे ग्रामसभेचे अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने, तर वनजमिनीवरील दावे २००६ च्या वनहक्क कायद्याने ठरतात. या दाव्यांची छाननी उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती करते. एका कलमाचा चुकीचा अर्थ लागला, तर कुटुंबाची जमीन जाते.

म्हणून अनुसूचित क्षेत्रांचा कायदा ही रायपूरला स्वतंत्र, भक्कम शाखा हवी आणि तिची दारे सेवेतील अधिकाऱ्यांनाही खुली हवीत. पदवीची वर्षे दिल्लीने ठरवावीत. तिचा उपयोग मात्र येथील माणसाला व्हायला हवा.