गाडी लावायच्या भीतीवर हसणं आधी बंद करा

पोस्ट मोठी आहे. पण ज्या घरात चारचाकी आहे आणि ती बाहेर काढणारा माणूस मात्र एकच आहे, त्या घरातल्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या पावसाळ्यात एका बातमीसाठी मित्राच्या गाडीतून कन्नडला गेलो होतो. रात्री साडेनऊला घरून फोन आला. आईला दम लागला होता. आमची गाडी दारात उभी. बायकोकडे लायसन्स आहे, आजचं नाही, 2016 चं. तरी तिने शेजारच्या काकांना उठवलं, काका पावसात रिक्षा शोधायला चौकात गेले आणि आई दवाखान्यात पोचली ती पाऊण तासाने. आई आता ठणठणीत आहे. पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अगं, गाडी होती की दारात. तुला येते ना चालवता?"

ती म्हणाली, "चालवता येते हो. पण तिथे लावायची कुठे आणि कशी? मागे रिक्षांचे हॉर्न, समोर टपरीवरची पोरं बघत बसलेली. मी आईंना धरू की गाडी घालू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तिच्यावर हसणाऱ्यांत पहिला मीच. लायसन्स मिळाल्यावर वर्षभरातली गोष्ट. निराला बाजारात दोन गाड्यांच्या मधे लावताना तिने चार वेळा मागेपुढे केलं. मागे तीन-चार टू-व्हीलर थांबल्या होत्या. मी वैतागून म्हणालो, "उतर, मी लावतो." त्यानंतर तिने स्टेअरिंग हातात घेतलं ते फक्त रिकाम्या रस्त्यावर, तेही मी शेजारी बसलेला असताना.

"उतर, मी लावतो." या तीन शब्दांनी आपल्या शहरातली किती लायसन्स कपाटात जाऊन पडली असतील, कोण जाणे.

यानंतर मी ओळखीपाळखीत विचारत सुटलो. एक शिक्षिका शाळेत अर्धा तास आधी पोचतात, का तर गेटजवळची कोपऱ्यातली सोपी जागा मिळावी. एक निवृत्त बँकवाले लग्नाला जायचं म्हटलं की मंगल कार्यालयाच्या पार्किंगचा विचार करून आदल्या रात्री झोपत नाहीत. आणि पुरुष? आम्ही पुरुष हुशार. आम्ही "मला भीती वाटते" असं म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, "गुलमंडीत चारचाकी कोण नेतं राव, पार्किंगच नाही." बाई म्हणते मला जमत नाही, बाप्या म्हणतो शहराला जमत नाही. भीती तीच.

आता मुद्द्यावर येतो. या भीतीला आपण "कॉन्फिडन्स नाही" म्हणतो, मोबाइलवर "पापा की परी" म्हणून खिदळतो. माझं म्हणणं असं आहे की हा त्या माणसाच्या स्वभावाचा दोष नाही. त्याला गाडी लावायला शिकवलेलं नाही आणि या शहराने त्याला जागा आखून दिलेली नाही.

आधी शिकवण्याचं बोलू. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 यातला नियम 31 काढून वाचा. ड्रायव्हिंग स्कूलने काय शिकवायचं याची अख्खी यादी त्यात आहे. हलक्या वाहनासाठी किमान 21 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास. त्या यादीत पार्किंग स्पष्ट लिहिलेलं आहे: समांतर लावणं, तिरकं लावणं, काटकोनात लावणं, चढावर लावणं, उतारावर लावणं, आणि लावताना होणाऱ्या नेहमीच्या चुका. म्हणजे सरकारला माहीत आहे की हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

आता छातीवर हात ठेवून सांगा, तुमच्या क्लासवाल्याने यातलं काय शिकवलं? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचा अनुभव एकच. सकाळी सातला गाडी येते, आत आधीच तिघं बसलेले. सरळ मोकळ्या रस्त्याला लागायचं, तिसरा गिअर, चौथा गिअर, यू-टर्न, उतरा, आता पुढच्याचा नंबर. क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्याही पायाखाली असतो, त्यामुळे आपण चालवतोय की तो, हेही कळत नाही. रिव्हर्स एखाद दिवशी, तोही परीक्षेपुरता आणि मोकळ्या मैदानात. दोन उभ्या गाड्यांच्या मधे, मागे हॉर्न वाजत असताना गाडी कशी घालायची, हे आमच्या पिढीला कोणी करून दाखवलंच नाही. पोहायला न शिकवता माणसाला विहिरीत ढकलायचं, आणि तो गटांगळ्या खायला लागला की काठावरून हसायचं!

आता शहराचं बोलू. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली, तेव्हा मोटारी नव्हत्या. गुलमंडी, मछली खडक, सराफा, सिटी चौक या गल्ल्या पायी माणसांसाठी झाल्या. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण त्यानंतरच्या शहराचं काय? वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये आला. शेंद्र्याला स्कोडा 2001 मध्ये आली. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज खरेदी केल्या. व्यवहार होता 65 कोटींचा आणि देशभर बातम्या झाल्या. आता बिडकीनला टोयोटाच्या कारखान्याचा करार झालाय. गाड्या बनवणारं शहर, एका झटक्यात 150 मर्सिडीज घेणारं शहर! आणि त्या शहरातल्या बाजारपेठेत गाडी लावायला पांढरी रेघ शोधावी लागते.

ही रेघ क्षुल्लक नाही. राज्यात 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीच्या पार्किंगचं माप दिलंय: अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या चार मीटरच्या आतल्या आणि साधारण पावणेदोन मीटर रुंद. म्हणजे आखलेल्या जागेत लांबीला मीटरभर आणि रुंदीला पाऊण मीटर मोकळं राहतं. नवशिक्यालाही गाडी बसते. रेघ नसली की काय होतं? पहिला तिरपी लावतो, दुसरा सरळ, तिसरा मधे बुलेट घुसवतो, आणि चौथ्याला जी फट उरते त्यात जुन्या ड्रायव्हरलाही घाम फुटतो. मग त्या चौथ्याला आपण म्हणतो, "येत नाही तर आणता कशाला?"

आणि तळघरं? नकाशावर "पार्किंग" असं लिहून मंजुरी घ्यायची आणि इमारत उभी राहिली की तिथे कपड्याचं दुकान, गोडाऊन, कोचिंग क्लास. दर काही वर्षांनी मोहीम निघते. नोटिसा जातात, एखाद्या ठिकाणी हातोडा पडतो, फोटो निघतात. मी स्वतः या बातम्या लिहिल्यात, मथळे दिलेत. सहा महिन्यांनी त्याच शटरवर नवा बोर्ड. आम्ही पत्रकारही पुन्हा जाऊन बघत नाही, ही आमचीही चूक. ज्या गाडीची जागा त्या तळघरात होती, ती रस्त्यावर येते. रस्त्यावरची फुटपाथवर जाते आणि फुटपाथवरची म्हातारी रस्त्यावर.

कायदाही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 127 उभी गाडी उचलून नेण्याचा अधिकार देतं. कलम 117 गाड्या कुठे उभ्या करायच्या त्या जागा ठरवण्याचा अधिकार देतं, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. आपल्याकडे 127 पाठ आहे, 117 कोणाला आठवत नाही. नो-पार्किंगचा दंड पहिल्या वेळी 500, पुन्हा केलं तर 1500. दंड असावाच, माझं काही म्हणणं नाही. पण "इथे लावू नका" सांगणाऱ्याने "मग तिथे लावा" हेही सांगायला नको का? नो-पार्किंगचा बोर्ड झाडाच्या फांदीआड आणि पार्किंगचा बोर्ड कुठेच नाही. माणूस गाडी लावून दुकानात शिरतो, पण लक्ष सगळं बाहेर: उचलली तर नाही ना? ही भीती त्याच्या मनाने तयार केलेली नाही. शहराने त्याला दिलेली आहे.

आता काही जण म्हणतील तेही सांगतो.

"गाड्याच कमी करा, बस वाढवा." शंभर टक्के मान्य. 2019 मध्ये शहर बस सुरू झाली, ती वाढली पाहिजे, रात्री उशिरापर्यंत धावली पाहिजे. पण रात्री साडेनऊला दम लागलेल्या म्हातारीला बसथांब्यावर नेता येत नाही. आणि बसला अडवतात कोण? वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्याच.

"नव्या गाडीत सेन्सर असतो की." हो, जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. पण तो फक्त पी-पी करतो. नवशिक्या त्या पी-पीने आणखी घाबरतो.

"पे अँड पार्क म्हणजे लूट." पावती नसेल, दराचा फलक नसेल, पट्टे नसतील आणि नुसता एक पोरगा पैसे मागत फिरत असेल, तर लूटच आहे, मीही देणार नाही. पण आखलेली जागा, लावून देणारा माणूस आणि ठरलेला दर असेल, तर चहाच्या पैशात ती सोय महाग नाही. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 2005 मध्ये फुकट पार्किंगची किंमत या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. फुकट पार्किंगचे पैसे कोणीतरी भरतच असतं, हे त्याचं सार. आपल्याकडे ते पैसे पायी चालणारा भरतो.

"जागा नसेल तर गाडीच देऊ नका." जपानमध्ये 1962 पासून असा कायदा आहे. आपल्या परिवहन मंत्र्यांनीही 2025 मध्ये पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नोंदणी नाही, असं बोलून दाखवलं. चांगलं आहे. पण मग आधी नकाशावरच्या त्या तळघरांची नोंदणी तपासा. सामान्य माणसाकडून पुरावा मागण्याआधी बिल्डरकडून मागा.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

1) ड्रायव्हिंग स्कूलने नियम 31 मधलं पार्किंग शिकवलं की नाही, हे लायसन्सच्या परीक्षेत तपासा. दोन गाड्यांच्या मधे गाडी लावून दाखवली तरच पास.

2) निराला बाजार, कॅनॉट, टीव्ही सेंटर, औरंगपुरा इथे अडीच बाय पाचचे पट्टे मारा. रंगाच्या डब्यांना फार मोठं टेंडर लागत नाही.

3) प्रत्येक दवाखान्यासमोर पेशंट उतरवायला दहा मिनिटांची जागा राखून ठेवा, आणि तिथे लावून देणारा एक माणूस.

4) किती तळघरं मोकळी केली आणि आज त्यांत काय आहे, याची यादी महापालिकेने जाहीर करावी.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी, आमच्या घरात जे चाललंय ते सांगतो.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही कॅनॉटला जातो. दुकानं बंद, रस्ता रिकामा. पाण्याचे रिकामे कॅन ठेवून एका गाडीची जागा आखायची, आधी ऐसपैस, मग दर आठवड्याला थोडी कमी. कॅनला धक्का लागला तर लागू द्या, कॅन रडत नाही. पुढच्या गाडीच्या शेजारी अर्धा मीटर अंतर ठेवून, दोघांच्या पाठी एका रेषेत येतील असं थांबायचं. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, हळूहळू मागे. उजव्या आरशात मागच्या गाडीचं अख्खं तोंड दिसलं की स्टेअरिंग सरळ. आपलं डावं नाक पुढच्या गाडीच्या पाठीतून सुटलं की पूर्ण उजवीकडे. चुकलं तर पुढे घ्या, पुन्हा करा. तीन वेळा मागेपुढे करणं हा गुन्हा नाही. एका सकाळी वीस वेळा लावा. धाडस नंतर येतं, आधी हाताला सवय लागते.

आणि शेजारी बसणाऱ्याला एकच नियम: तोंड बंद. मला हा नियम पाळायला तीन रविवार लागले.

गेल्या आठवड्यात ती एकटी आईला घेऊन तपासणीला गेली. संध्याकाळची वेळ, तोच दवाखाना, तीच गर्दी. मागे एक रिक्षा थांबली. तो भाऊ हॉर्न न वाजवता खाली उतरला आणि हात हलवत म्हणाला, "आन दो भाभी, आन दो... बस!" एवढंच. तिसऱ्या खेपेला गाडी लागली. आईने घरी येऊन मला ही गोष्ट दोनदा सांगितली.

त्या रिक्षावाल्याने दिली तेवढी दहा-वीस सेकंदं आपण सगळे देऊ शकतो. उद्या तुमच्या पुढे कोणी गाडी मागेपुढे करत असेल, तर हॉर्नवरचा हात काढा. जमलं तर खाली उतरून सांगा, "येऊ द्या." आणि घरात कोणाचं लायसन्स कपाटात पडलं असेल, तर या रविवारी ते बाहेर काढा. पुढचा फोन कोणत्या रात्री येईल, सांगता येत नाही.