पोलोसाठी आयुष्य वेचणाऱ्यांचा सन्मान होतो, पण नेमका कुणाचा?

पोलो म्हटलं की डोळ्यांसमोर राजे-महाराजे, शॅम्पेन आणि महागडे घोडे येतात. पण आधुनिक पोलोचं मूळ आपल्या मणिपूरमध्ये आहे. मग या खेळासाठी आयुष्य देणाऱ्यांची आठवण कशी ठेवली जाते? आणि त्यातून कोण सुटतं?

सन्मान कुणाला मिळाला?

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. पहिल्याच यादीत पोलोपटू प्रेम सिंह होते. १९६३ मध्ये किशन सिंह आणि १९६४ मध्ये राव राजा हणूत सिंह यांना हा पुरस्कार मिळाला. हणूत सिंह आणि किशन सिंह हे दोघंही जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह यांच्यासोबत १९५७ मध्ये फ्रान्समधल्या दोव्हिल इथं विश्वविजेत्या ठरलेल्या भारतीय संघात होते. मानसिंह यांचा मृत्यूही १९७० मध्ये इंग्लंडमध्ये पोलो खेळतानाच झाला.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पोलोचं संग्रहालय आणि 'हॉल ऑफ फेम' आहे. तिथं खेळाडूंसोबत गाजलेल्या घोड्यांनाही मान दिला जातो.

मग मणिपूरचं काय?

मणिपूरमध्ये या खेळाला 'सगोल कांगजेई' म्हणतात. एका संघात सात खेळाडू आणि गोलपोस्ट नाही, असा हा मूळ खेळ. इंग्रज अधिकारी जोसेफ शेरर यांनी तो मणिपुरी लोकांकडून पाहिला. १८५९ मध्ये सिलचरला क्लब निघाला आणि शेरर 'आधुनिक पोलोचे जनक' म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांच्याकडून ते शिकले, त्या मणिपुरी खेळाडूंची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये इम्फाळजवळ मार्जिंग इथं पोलोपटूच्या १२२ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. हा स्वार मणिपुरी तट्टावर बसलेला आहे.

खरी अडचण कुठे आहे?

पुतळा उंच झाला, पण तट्टं कमी होत गेली. पशुगणनेनुसार मणिपुरी तट्टांची संख्या अशी:

- २००३: १,८९८
- २०१२: १,१०१
- २०१९: १,०८९

चराऊ पाणथळ जमिनींवर बांधकामं झाली. त्यामुळे तट्टं रस्त्यावर येतात, कचऱ्यातलं खातात, गाड्यांखाली सापडतात. राज्य सरकारनं २०१६ मध्ये संवर्धनाचं धोरण आणलं, पण चराईची जमीन मिळाल्याशिवाय ते कागदावरच राहणार.

थोडक्यात काय?

पोलोत खेळाडू एकटा जिंकत नाही. पहाटे घोड्याला खरारा करणारा मोतद्दार, खुरांना नाल ठोकणारा नालबंद आणि स्वतःच्या खिशातून तट्टू पोसणारा मणिपुरी मालक, या सगळ्यांचं आयुष्यही याच खेळात जातं. त्यांची नावं पुरस्कारांच्या यादीत क्वचितच दिसतात. त्यांचा सन्मान करायचा तर सुरुवात पुतळ्यापासून नको, चराऊ कुरणापासून व्हायला हवी. कारण तट्टूच उरलं नाही, तर १२२ फुटांवरचा तो स्वार नेमकी कशाची आठवण करून देणार?