तलवारीची गोष्ट आणि तांदळाचा हिशेब

मराठी मुलाचे इतिहासाशी पहिले नाते पाठ्यपुस्तकामुळे जुळत नाही. ते गोष्टीमुळे जुळते. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’, नाथमाधवांची ‘स्वराज्या’वरील कादंबरीमाला आणि गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या यांवर आपल्या अनेक पिढ्या वाढल्या. अंधाऱ्या रात्री कडा चढणारा मावळा त्यांनीच आपल्या मनात उभा केला. हे ऋण मान्य करूनच एक प्रश्न विचारावयाचा आहे. कुमारवाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक युद्धकथांत सैन्य असते, शौर्य असते, फितुरी असते. पण त्या सैन्याच्या पोटाला काय लागते आणि ते कोणाच्या शेतातून येते, हे मात्र नसते. असे का?

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाची हौस म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. रेवदंड्यासारख्या गावात तर तो पावलोपावली समोर येतो. येथे पोर्तुगिजांच्या तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, लोक राहतात, मुले शाळेत जातात. ‘सातखणी’चा भग्न मनोरा उभा आहे आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. चौल-रेवदंड्याच्या या खाडीने घोडे, कापड आणि मसाले यांचा व्यापार पाहिला, त्याच व्यापारासाठी झालेल्या लढायाही पाहिल्या. तथापि या गावातील मुलाने ऐतिहासिक साहसकथा हाती घेतली, तर बहुधा तिच्यात घाटावरचे किल्ले आणि घोड्यांच्या टापाच असतात. त्याच्या अंगणापर्यंत आलेल्या समुद्राचा उल्लेख ‘दर्याभवानी’सारख्या एखाद्या अपवादातच सापडावयाचा.

वस्तुतः कथाकाराला हेवा वाटावा अशी सामग्री येथे पडून आहे. सन १५०८ मध्ये याच खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्तच्या मामलुकांच्या आणि दीवच्या मलिक अयाजच्या आरमाराशी गाठ पडली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लॉरेन्सो द आल्मेडा याचे जहाज तोफेच्या माऱ्याने फुटून पाणी घेऊ लागले आणि मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकून पडले. तेथेच तो मारला गेला. त्या काळच्या एका बलाढ्य आरमाराचे जहाज शेवटी अडले ते कोळ्यांच्या खुंटांत! ते खुंट रोवणाऱ्या माणसाचे नाव इतिहासाने टिपलेले नाही. त्याला एक मुलगा असेल, लढाई संपल्यावर मोडलेल्या खुंटांची आणि फाटलेल्या जाळ्यांची भरपाई कोणी दिली असेल, की कोणीच दिली नसेल, हे कल्पनेने रंगविणे हेच कादंबरीकाराचे काम होय.

पुढे १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला. त्याच सुमारास आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. महिनोगणती चाललेला हा वेढा १५७१ मध्ये निष्फळ ठरला. त्याचे एक मोठे कारण साधे होते. जमिनीकडून कोंडलेल्या ठाण्याला समुद्राकडून माणसे, दारूगोळा आणि रसद मिळत राहिली. वेढा म्हणजे केवळ तटाला शिड्या लावणे नव्हे. वेढा म्हणजे भुकेचे गणित होय. रात्री खाडीतून तांदळाची गोणी तटाच्या आत पोहोचविणाऱ्या होडीतही भिंतीवरून उडी मारण्याइतकाच थरार असतो, याची जाणीव आपल्या कथाकारांना व्हावयास हवी.

हिशेब वगळला, की चित्र एकांगी होते आणि त्याचा लाभ दुसऱ्याच कोणाला तरी मिळतो. जी. ए. हेन्टी हा इंग्रज युद्धवार्ताहर एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी युद्धकादंबऱ्या लिहू लागला. शाळांतून त्या बक्षीस म्हणून वाटल्या जात. मराठ्यांशी झालेल्या युद्धांवरही त्याने ‘अॅट द पॉइंट ऑफ द बेयोनेट’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक मराठ्यांत वाढलेला इंग्रज मुलगा आहे. अशा वाङ्मयातून साम्राज्य हा जणू धाडसी मुलांचा खेळ ठरला आणि कान्होजी आंग्र्यांसारखा सरखेल इंग्रजी लेखनात ‘चाचा’ म्हणून रूढ झाला. भांडण वस्तुतः कशाचे होते? पोर्तुगीज आपला परवाना नसलेले जहाज पकडीत आणि त्याला कायदा म्हणत; कान्होजींनी आपले दस्तक मागितले, तेव्हा ती चाचेगिरी ठरली! सन १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि ती फसली, तिच्या मुळाशी हाच वाद होता. हा वाद समजलेला मुलगा कान्होजींचा अभिमान अधिक डोळसपणे बाळगील. त्यासाठी शत्रूला राक्षस करण्याची गरज त्याला भासणार नाही.

हिशेब आला, की शौर्य फिके पडते, असा एक आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर खुद्द शिवाजी महाराजांनीच देऊन ठेवले आहे. चिपळुणास छावणी पडली असता आपल्या अधिकाऱ्यांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी दाणावैरण पावसाळा संपेपर्यंत पुरविण्याची ताकीद दिली. शिपायांनी रयतेला उपद्रव देऊ नये म्हणून बजावले. इतकेच नव्हे, तर दिव्याची जळती वात उंदराने नेल्यास गवताच्या गंजीला आग लागेल, असा इशाराही दिला. ज्या राजाला उंदराचीही काळजी होती, त्याच्यावरील गोष्टीत कोठाराला जागा नसावी, हा त्या राजावरच अन्याय होय.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे. मुलांच्या हाती युद्धाच्या गोष्टी देऊच नयेत, असे काही शिक्षणप्रेमी म्हणतात. हा सल्ला सद्हेतूचा असला, तरी व्यवहार्य नाही. मुलांना युद्ध आज पडद्यावर, खेळांत आणि बातम्यांत दिसतेच. तेथे माणसे मरतात, पण कोणाच्या घरची चूल विझत नाही. इयन सेरेलियर यांची ‘द सिल्व्हर स्वोर्ड’ ही १९५६ ची इंग्रजी कादंबरी पाहावी. दुसऱ्या महायुद्धात आईबापांपासून दुरावलेली वॉर्सातील मुले त्यांच्या शोधात स्वित्झर्लंडच्या वाटेला लागतात. भूक, आजार आणि पायपीट यांनी ती भरली आहे. साहसाची गोडी मात्र कोठेही कमी होत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. किनाऱ्यावरील शिक्षक, इतिहासाचे अभ्यासक आणि लेखक यांनी एकत्र येऊन आपापल्या खाडीची एकेक कथा लिहावी. १९७१ पासून चालत आलेल्या ‘किशोर’सारख्या मासिकाने तिला जागा द्यावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी मुलांच्या कपाटासाठी अशी पुस्तके आवर्जून विकत घ्यावीत; कारण खात्रीचे गिऱ्हाईक असल्यावाचून प्रकाशक नव्या लेखकावर पैसा घालणार नाही, हाही बाजाराचाच नियम आहे.

सन १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या हाती आले, ते तहाने. वसई गमावल्यावर ही ठाणी सांभाळण्याचे बळ पोर्तुगिजांपाशी उरले नव्हते. लढाई तलवारीने जिंकली जाते, हे आपण मुलांना उत्तम शिकविले. ती कशाने चालते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे शिकविणे अद्याप राहिले आहे. उद्या युद्धाचा निर्णय ज्यांच्या मतांवर ठरावयाचा, ते नागरिक आज शाळेत आहेत; त्यांच्यापासून हा हिशेब लपविणे परवडणारे नाही.