औंधचा राजा आणि त्याचे संग्रहालय
सातारा जिल्ह्यातील औंधास येणारा बहुतेक यात्रेकरू डोंगरमाथ्यावरील यमाईचे, काळ्या पाषाणातील त्या भव्य मूर्तीचे, दर्शन घेऊन ज्या घाईने एस्टी गाठतो, त्या घाईत डोंगराच्या कुशीतील श्रीभवानी वस्तुसंग्रहालय त्याच्या नजरेतून सुटावे, याचे मला नेहमीच वैषम्य वाटत आले आहे. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे निस्सीम पुरस्कर्ते असलेल्या औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या या वास्तूत राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि, मुंबईपुण्याच्या रसिकांनाही क्वचितच ठाऊक असेल, हेन्री मूरचे ‘माता व बालक’ हे शिल्पही आहे; शिक्षकांनी ‘हात लावू नका’ असा दम भरलेला असूनही सहलीची पोरे येथील काचेच्या कपाटांवर खुशाल नाके टेकवितात, आणि माझ्या मते संग्रहालय पाहण्याची तीच खरी रीत होय. अन्य संस्थानिक आपला अंमल कवटाळून बसले असता १९३९ साली ज्याने राज्यकारभार आपण होऊन रयतेच्या स्वाधीन केला, आणि ज्याच्या आटपाडी तालुक्यातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून पुढे दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंना ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला, त्या राजाचा खजिना हिऱ्यामोत्यांऐवजी चित्राशिल्पांवर रिता झाला, हे त्याच्या स्वभावास धरूनच झाले.